कोपऱ्यातली खूण

दिवेलागणीला सारी वस्ती दिवे लावायची, तेव्हा ऑपरेटरच्या घरातले दिवे जायचे. आधी तो स्टीलच्या पेल्यावर चमचा तीनदा वाजवायचा. ही घंटा. मग भिंतीकडचा दिवा जायचा, मग मधला, मग स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा ओढला जायचा. सगळं एकदम घालवायचं नाही, हा त्याचा जुना नेम. डोळ्यांची आणि अंधाराची हळूहळू ओळख करून द्यावी लागते. एकदम भेटवलं की दोघंही बिचकतात.

“पब्लिक आत आली का?”

“पब्लिक केव्हाची येऊन बसलीय. पब्लिकला चहा मिळेल का?”

“चहा इंटरव्हलला.”

“थेटर मेलं बंद पडलं, पण ह्यांचं इंटरव्हल काही बंद पडत नाही!”

पब्लिक म्हणजे त्याची बायको. एकटीच. थेटर चालू होतं तेव्हा ती तिकिटाच्या खिडकीत बसायची, म्हणून सगळे तिला खिडकीबाई म्हणत. तो वरच्या केबिनमध्ये मशीन चालवायचा, म्हणून तो ऑपरेटर. थेटर पाडून तिथे मोटारींचं दुकान झालं, पण नावं दोघांच्या अंगाला चिकटून राहिली. खिडकीबाईने उभ्या जन्मात एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती. खिडकी लावून, तिकिटांची थोटकं जुळवून ती आत शिरायची तोवर नायकाचा बाप मरून गेलेला असायचा. “माझ्या नशिबी सगळे पोरकेच नायक,” ती म्हणायची. म्हणून आता ती घरात पहिल्या नावापासून बसायची, शाल पायांवर ओढून, हलायची नाही.

सिनेमा दाखवणारं यंत्र मुलाचं होतं. खरं तर ते गेम खेळायचं खोकं. काळं, चपटं, पोटात पंखा घरघरणारं. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा ते इथेच सोडून गेला. तिकडे त्याने नवं घेतलं. जाण्याआधी त्याने बापाला सगळं दाखवलं. इथे डिस्क सरकवा, सिनेमा लागतो. इथे पेनड्राइव्ह खोचा, तरी लागतो. दोन शिंगांचं ते रिमोट हातात धरताना ऑपरेटरला जिवंत खेकडा धरल्यासारखं वाटायचं; पण पंख्याची घरघर कानावर आली की बरं वाटायचं. चालत्या मशीनने आवाज करावा. मुक्या मशीनवर त्याचा विश्वास नव्हता.

“तुम्हा दोघांचं वेगळं नाव उघडून दिलंय, ‘आईबाबा’,” मुलगा म्हणाला होता. “ते माझ्या मित्रांच्या यादीत जोडलंय. तुम्ही इकडे मशीन लावलं की तिकडे माझ्या टीव्हीच्या कोपऱ्यात येणार, आईबाबा आले! म्हणजे मला कळेल, म्हातारा-म्हातारी ठणठणीत आहेत.”

“आणि आमचं पोर ठणठणीत आहे, हे आम्हाला कसं कळायचं?”

“मी फोन करेन ना, बाबा.”

मुलाचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी केबिनमध्ये रिळं फिरताना बघून तोही स्वतःभोवती फिरत सुटायचा, चक्कर येऊन बापाच्या पायांवर पडेपर्यंत. त्याला निजवायला आईने गाणं जोडलं होतं:

*भिंगरी फिरते, फिरते दारात*
*दोरीचं टोक गं माझिया हातात*

खेळातही मुलाने तेच नाव घेतलं होतं. एवढा बापया झाला, कंपनीत चार माणसं हाताखाली आली, पण पडद्यावर तो भिंगरीच होता.

आता ऑपरेटरच्या डोळ्यांचं सांगायला हवं. हा माणूस सारी हयात पडद्याच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत जगला. सिनेमा एका रिळात मावत नसे. चालू रीळ सरत आलं की त्या कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकायचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तो दिसला की पुढचं रीळ चढवलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. मग दुसरा ठिपका. तो दिसला की पायाने पेडल दाबायचं, इकडची झडप बंद आणि तिकडची उघडी. पब्लिक नायिकेच्या डोळ्यांत बुडालेली असायची, आणि ऑपरेटर तिच्या डोक्यावरच्या आभाळाकडे टक लावून. कितीतरी नायिकांचे चेहरे त्याला आठवत नव्हते, आभाळं मात्र पाठ होती. ज्याने त्याला मशीनवर बसवलं तो उस्ताद म्हणायचा, “रीळ बदललं हे पब्लिकला कळलं, तर तू ऑपरेटर कसला? हमाल!”

म्हणून त्या संध्याकाळी कोपऱ्यात टिंग करून उजेडाचा चौकोन उमटला, तेव्हा तो ऑपरेटरच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. खोलीतल्या अंधारात त्याचा पाय आपसूक पेडल शोधू लागला. मग त्याने अक्षरं वाचली. भिंगरी ऑनलाइन.

म्हणजे खूण दोन्ही बाजूंनी येत होती. हे पोराने सांगितलं नव्हतं, किंवा त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

ऑपरेटरला हर्ष झाला. त्याने सिनेमा थांबवला. “अगं, फोन लाव! पोरगा घरी आलाय.”

फोन वाजला, वाजत राहिला, कापला गेला. मागोमाग दोन ओळी आल्या: कामात आहे, ऑफिसात. नंतर करतो.

“बघा,” खिडकीबाई म्हणाली. “आपली संध्याकाळ म्हणजे त्याची भरदुपार. ह्या वेळेला तो घरी काय करेल? तुम्हाला कोणी सांगितलं?”

ऑपरेटरने कोपऱ्याकडे पाहिलं. चौकोन विझला होता. “मला आपलं वाटलं,” तो म्हणाला.

इंटरव्हलला ती चहा टाकायला गेली, तेव्हा त्याने खेकड्याची बटणं दाबत दाबत मित्रांची यादी शोधून काढली. यादी कसली, एकच नाव. नावापुढे हिरवा ठिपका, खाली खेळाचं नाव आणि चित्र. तळ्याकाठची मासेमारी. हा खेळ त्याने मुलाला इथे खेळताना पाहिला होता. त्यात काही करायचं नसतं. गळ टाकायचा आणि मासा लागेपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी टिंग. तिसऱ्या दिवशी टिंग. सिनेमाची नावं सरली की आलंच. फोन केला की ऑफिस, मीटिंग, नंतर. ऑपरेटरच्या मनात आणखी एक गोष्ट हळूच कुरतडू लागली. आपण मशीन लावलं की त्याच्याही कोपऱ्यात येत असेल, आईबाबा आले. रोज येत असेल. गळ हातात धरून तो ते वाचत असेल, आणि पुन्हा पाण्याकडे बघत असेल.

खिडकीबाईला यातलं काही दिसत नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; पडद्यावरची माणसं तिला दुधात बुडवलेल्या पावासारखी दिसायची, ती सिनेमा कानांनीच बघायची. पण उजेड कळायचा.

“अहो, ते वर कोपऱ्यात रोज काय चमकतं? टिंग पण होतं.”

ऑपरेटरला उत्तर शोधावं लागलं नाही. ते हाताशीच होतं, आयुष्यभर.

“रीळ बदलायची खूण ती.”

“अगंबाई! मशीनमध्येपण असते?”

“जुन्या सिनेमांत असते. त्यातून उतरवून घेतात ना.”

तिला केवढं अप्रूप वाटलं. इतकी वर्षं त्याच थेटरात काढली आणि ही गंमत तिला कोणी दाखवली नव्हती. तेव्हापासून टिंग झालं की ती खुर्चीत सावरून बसायची आणि म्हणायची, “बदला हो ऑपरेटर, रीळ बदला!” तो “बदललं, बदललं” म्हणायचा. ती हसायची.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मागे लागल्या होत्या. मोतीबिंदू पिकलाय, आता कडक होईल, मग काढणं जड जाईल. खिडकीबाई ऐकत नव्हती. तिचा एकच हट्ट, “भिंगरी आल्याशिवाय नाही. पट्टी सुटली की पहिलं तोंड मला त्याचं बघायचंय. तुमचं काय, तुमचं पाठ आहे.” भिंगरी म्हणायचा, सुट्टी मिळत नाही गं आई, श्वास घ्यायला वेळ नाही. आणि ती सगळ्या आळीला सांगायची, पोरगा कामाने पिचून गेलाय.

ऑपरेटर एकदा जिन्यात जाऊन, दार ओढून घेऊन, मुलाला फोन करायला उभा राहिला. कसा कोण जाणे, फोन उचलला गेला.

“बाबा, पटकन बोला, मीटिंगमध्ये आहे.”

“आईच्या डोळ्यांचं रे. डॉक्टर म्हणतात, लांबवू नका. चार दिवस येऊन जा. ती तुझ्यासाठी अडून बसलीय.”

“बाबा, मला काय यावंसं वाटत नाही का? सुट्टी कोण देतंय?”

बोलता बोलता फोनमध्ये टुपुक असा आवाज झाला. पाण्यात गळ पडल्याचा. मागे कुठेतरी पाखरू बोललं.

“पाण्याचा आवाज येतोय,” ऑपरेटर म्हणाला.

“एसी गळतोय इथला.”

“बरोबर. आणि पाखरू?”

“कुठलं पाखरू? बाबा, सगळे थांबलेत माझ्यासाठी. ठेवतो.”

ऑपरेटर जिन्यात तसाच उभा राहिला. मासा लागला का रे, एवढंच विचारायचं होतं. आत जाऊन बायकोला सांगून टाकावं, असं मनात आलं. सांगितलं तर हट्ट सुटेल, डोळे वाचतील. तो दार ढकलून आत गेला, तर ती चाचपडत भाजी निवडत होती.

“त्यालाच करत होतात ना फोन? रागावू नका हो त्याला. एवढा कष्टाळू कोणावर गेलाय? तुमच्यावरच. तुम्ही तरी कधी शो टाकून घरी आलात?”

तो तिच्यासमोर बसला आणि शेंगा सोलू लागला. रीळ बदललं हे पब्लिकला कळता कामा नये.

आणि त्याच्या मनाच्या तळाशी आणखी एक होतं, ज्याच्याकडे बघायची त्याला लाज वाटायची. ऑपरेशन झालं की तिला अक्षरं दिसतील. कोपऱ्यात काय लिहून येतं, ते ती वाचेल. डॉक्टरीणबाईंना तो “तिची तयारी नाही” असं सांगायचा, तेव्हा त्यात थोडी सुटकाही असायची.

रविवारी भिंगरीचा फोन आला. खिडकीबाईने फोन स्पीकरवर टाकला, आणि तिच्या बोलण्याला जो धबधबा लागला तो लागला. कुठला सिनेमा पाहिला, चहा कसा इंटरव्हललाच मिळतो.

“आणि तुझ्या बाबांची नजर अजून तशीच तेज आहे बरं का. खूण आली की आधी ह्यांना दिसते.”

“कसली खूण?”

ऑपरेटर उठला. फोनपर्यंत पोचायला मधे टेबल होतं.

“अरे, रीळ बदलायची! वरच्या कोपऱ्यात रोज येते, चौकोनी, टिंग करून. मला अक्षरं कुठली दिसायला, पण उजेड कळतो. मी विचारलं, तर म्हणाले, रीळ बदललं. मला इतक्या वर्षांत कधी ठाऊक नव्हतं बघ.”

ऑपरेटरचा हात टेबलावर राहिला. केबिनमध्ये वाढलेलं पोर ते. रिळाची खूण म्हणजे काय, ते त्याला बोलता येण्याआधीपासून ठाऊक होतं. कोपऱ्यात टिंग करून काय येतं, तेही ठाऊक होतं. बापाने सगळं वाचलंय आणि आईसमोर झाकलंय, हे एव्हाना त्याला कळून चुकलं असणार. आता हा रडेल, ऑपरेटरला वाटलं. आता म्हणेल, आई, मी येतो.

“हो आई,” भिंगरी म्हणाला. “जुन्या सिनेमांना असते तशी खूण.”

“बघा, त्यालाही माहितीय!” खिडकीबाई टाळी वाजवून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नावं सरली, नायकाचा बाप मेला, इंटरव्हल झालं. टिंग झालं नाही. यादीत नावापुढचा ठिपका राखेसारखा पडला होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. ऑपरेटरच्या मनात नको म्हटलं तरी अंकुर फुटला. पोराला लागलं असेल. खेळ बंद केला असेल. कदाचित साहेबाकडे सुट्टी मागत असेल, कदाचित तिकीट काढत असेल, आणि न सांगता दारात उभा राहणार असेल. लहानपणी असाच मागून येऊन डोळे झाकायचा. ऑपरेटरने मुलाच्या खोलीतल्या खाटेवरचे खोके खाली काढले आणि गादीला ऊन दाखवलं.

“कोण येणारेय?” खिडकीबाईने विचारलं.

“कोण नाही. गादीला वास येत होता.”

“आज पण रीळ बदललं नाही हो.”

“बदललं. तुझा डोळा लागला होता.”

पुढच्या रविवारी भिंगरीने सांगितलं की सुट्टी काही मिळत नाही, तेव्हा ऑपरेशन करून घ्या. “मी व्हिडिओवर आहेच की, आई. पट्टी सुटली की व्हिडिओवर बघ मला.”

खिडकीबाई थोडा वेळ फोनवरून हात फिरवत राहिली, लहान मुलाची पाठ थोपटावी तशी. “बरं राजा,” ती म्हणाली. मग ऑपरेटरकडे वळून, “घ्या करून. माझ्यापायी त्याने नोकरीवर पाणी सोडायचं का? पिकलं ते झाडाला किती दिवस लटकणार?” आणि काम करता करता स्वतःशीच गुणगुणली. हे कडवं ऑपरेटरने पूर्वी ऐकलं नव्हतं:

*भिंगरी गेली, गेली दूरदेशी*
*दोरी गुंडाळून ठेविली उशाशी*

त्या संध्याकाळी तो पुन्हा यादीत शिरला. राखाडी ठिपका. शिंगाला अंगठा जरा जास्त लागला आणि नावाच्या आतलं पान उघडलं. तिथे मुलाने जिंकलेली बक्षिसं ओळीने मांडलेली होती. सगळ्यात वर एक भलामोठा चंदेरी मासा, तोंड वासलेला. तळ्यातला सर्वांत मोठा मासा पकडला. बाजूला तारीख होती आजची. त्याच्याखाली कालचा मासा. त्याच्याखाली परवाचा.

खेळ बंद झाला नव्हता. पोराने फक्त कोपऱ्यातला दिवा मालवला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. आधी उजवा डोळा, डावा पुढे कधीतरी. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधून घरी पाठवलं. दुपारी ती निजली होती तेव्हा ऑपरेटरने आवाज बंद ठेवून टीव्ही लावला. पोराने आज दिवा मालवलाय, उद्या विसरून उघडा ठेवला तर? तिला आता लांबचं वाचता येईल, नाव ओळखीचं आहे. ती काही म्हणणार नाही. पण मग ती आळीत कोणाला काही सांगणारही नाही, आणि ते गाणं म्हणणार नाही.

त्याने भिंगरीच्या नावावर जाऊन बटण दाबलं. काढून टाका. मशीनने विचारलं, नक्की? त्याला मशीनचं कौतुक वाटलं. माणसं एवढंही विचारत नाहीत. त्याने पुन्हा दाबलं. यादी कोरी झाली. ‘आईबाबा’ आले की आता तिकडेही कोणाच्या कोपऱ्यात काही उमटणार नव्हतं. पंखा घरघरत राहिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. भिंगरी व्हिडिओवर यायचा होता. त्याच्या दोन ओळी आल्या, मीटिंग लांबली. म्हणून पहिलं तोंड ऑपरेटरचंच दिसलं. खिडकीबाई त्याच्याकडे बघत राहिली.

“अगंबाई! केवढे म्हातारे झालात हो! मला कोणी सांगितलंच नाही.”

“तुझ्यासाठी थांबलो होतो. एकदम दाखवायचं म्हणून.”

संध्याकाळी चमचा तीनदा वाजला. भिंतीकडचा दिवा गेला, मधला गेला. ती शाल ओढून बसली, आणि पडद्यावरचं एकेक नाव मोठ्याने वाचू लागली, शाळेतल्या पोरीसारखी. संगीत कोणाचं, कपडे कोणाचे, सगळं. मग नायक आला, त्याचा बाप आला, पण ती नायकाकडे बघत नव्हती. मान किंचित वर, उजव्या हाताच्या कोपऱ्याकडे तिने नजर लावली होती.

“सिनेमा बघ की,” ऑपरेटर म्हणाला.

“थांबा हो. खूण येऊ दे. आज नीट बघणार आहे मी. आजवर नुसता उजेड दिसला.”

“येईल तेव्हा येईल. तू गोष्ट बघ.”

“शू! मला बघायचंय, तुम्हाला आधी दिसते की मला.”

नायकाचा बाप मेला. पाऊस आला, आगगाडी सुटली, नायिका रडली, आणि तिच्या डोक्यावरचं आभाळ रिकामंच राहिलं. ज्याने आयुष्यभर आठशे माणसांना त्या कोपऱ्याकडे बघू दिलं नव्हतं, त्याची एकुलती एक पब्लिक कोपऱ्याकडे बघत होती, पापणीही न लवता, धुऊन निघालेल्या नव्या डोळ्याने. तो चहा टाकायला उठला नाही. इंटरव्हल केव्हा येऊन गेलं, कोणालाच कळलं नाही.

सिनेमा संपला. ऑपरेटरने आधी मधला दिवा लावला, मग भिंतीकडचा. खिडकीबाईने डोळ्यातलं पाणी शालीच्या टोकाने टिपलं. डॉक्टरीणबाईंनी डोळा चोळू नका म्हणून बजावलं होतं.

“चुकली वाटतं माझी,” ती म्हणाली. “डोळा नवा आहे ना, सवय नाही अजून. उद्या बघू.”